सरहद्दीचा खिदमतगार : खान अब्दुल गफारखान

वाचकहो, पेशावरच्या पश्चिमेस खैबर खिंड आहे. शाळेच्या इतिहासात ती आपल्याला भेटते ती आक्रमकांची वाट म्हणून. परंतु या खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे पठाणांची घरे आहेत, शेते आहेत, सोयरसंबंध आहेत, हे आपल्या ध्यानी सहसा येत नाही. सरहद्द म्हणजे केवळ फौजेचा तळ नव्हे, तेथे माणसे राहतात, ही साधी गोष्ट सांगण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, ते खान अब्दुल गफारखान होत. आपण त्यांना बादशहाखान किंवा सरहद्द गांधी म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म १८९० साली पेशावरजवळील उतमानझाई गावी झाला. वडील बेहरामखान हे मोठे जमीनदार. मुलगा तीन वर्षांचा असताना, १८९३ मध्ये, इंग्रजांचे मॉर्टिमर ड्युरँड आणि काबूलचे अमीर अब्दुर रहमान यांच्यात करार झाला आणि एकाच पठाण समाजातून सरहद्दीची रेघ ओढली गेली. रेघ आली म्हणजे तिच्या पाठोपाठ छावण्या, किल्ले आणि लष्करी रस्ते आलेच. १९०१ साली वायव्य सरहद्द प्रांत निराळा काढला गेला व सरहद्द गुन्हे कायदा नव्याने लागू झाला. या कायद्याने एकाच्या अपराधासाठी अख्ख्या टोळीला शिक्षा करता येई. गावाला दंड होई, नाकेबंदी होई, घरे पाडली जात. पुढे विमाने आली, तेव्हा टोळ्यांच्या वस्त्यांवर बाँबही पडू लागले. १९०९ आणि १९१९ च्या सुधारणांनी इतर प्रांतांना जे थोडेबहुत हक्क मिळाले, ते या प्रांताला १९३२ पर्यंत मिळाले नाहीत. कारण एकच, ही सरहद्द आहे! फौजेच्या सोयीसाठी तेथील माणसांचे हक्क गहाण पडले होते.

तरुण गफारखानांना गाईड्स पलटणीत अधिकारी होण्याची संधी चालून आली होती. पठाण घराण्यात याहून मोठा मान तो कोणता? परंतु एका हिंदी अधिकाऱ्याचा गोऱ्याकडून झालेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्या नोकरीकडे पाठ फिरवली. त्यांनी बंदुकीऐवजी पाटी हाती घेतली. १९१० साली तुरंगझईच्या हाजीसाहेबांच्या सोबतीने त्यांनी उतमानझाईत शाळा काढली, मग आसपासच्या गावांतूनही शाळा निघाल्या. सरकारने त्या बंद पाडल्या. १९२१ साली त्यांनी पुन्हा आझाद शाळा उघडली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना अटक झाली आणि तीन वर्षांची सजा भोगावी लागली.

पालकबंधूंनो, शाळेची एवढी धास्ती सरकारला का वाटावी? पठाण अडाणी राहिला, आपापसातील खुनाच्या वैरात गुंतून राहिला, तरच तो रानटी असल्याचे जगाला सांगता येते आणि फौज ठेवण्याचे निमित्त कायम राहते. हे गफारखानांनी नेमके ओळखले होते. म्हणून त्यांनी एकीकडे इंग्रजांच्या फौजेला विरोध केला आणि दुसरीकडे आपल्याच कौमेतील सूड घेण्याच्या चालीवर घाव घातला. मुलींनी शिकावे, असाही त्यांचा आग्रह होता. १९२९ साली स्थापन केलेल्या खुदाई खिदमतगार संघटनेत येणाऱ्यास हिंसा न करण्याची आणि सूड न घेण्याची शपथ घ्यावी लागे. हा मार्ग त्यांनी बाहेरून उसना आणलेला नव्हता. मक्केत हजरत मुहंमद (स.) यांनी जो सब्र दाखवला, त्यातच त्यांना अहिंसेचे मूळ दिसले.

या सब्राची कसोटी लवकरच लागली. २३ एप्रिल १९३० रोजी गफारखानांना अटक झाली. पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर फौजेने गोळ्या झाडल्या आणि अनेक माणसे मारली गेली. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकारी शिपायांनी मात्र गोळी झाडण्यास नकार दिला व त्यापायी कठोर शिक्षा पत्करली. फौजेतला शिपाईही माणूस असतो, हे त्या दिवशी दिसून आले.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा ऋणानुबंध होता. १९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर सरहद्द प्रांतात जाण्यास त्यांना मनाई होती, तेव्हा ते वर्ध्यास गांधीजींपाशी राहिले. मुंबईतील एका भाषणाबद्दल त्याच डिसेंबरात त्यांना वर्ध्याहून पकडून नेले आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

फाळणीला त्यांचा विरोध होता. ती झाल्यावर मात्र १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांनी पाकिस्तानच्या घटना समितीत निष्ठेची शपथ घेतली. तरीही काही महिन्यांतच ते पुन्हा गजाआड गेले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबडा येथे त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला. राज्य बदलले होते, हुकूम देणारे आता आपलेच होते; पण सरहद्दीकडे पाहण्याची नजर तीच राहिली होती.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानातील जलालाबादला व्हावयाचे होते. तेथे तर युद्ध पेटलेले होते. तरी हजारो माणसे जनाज्याबरोबर खैबर ओलांडून गेली. त्या गर्दीजवळ बाँबस्फोट होऊन काही जण प्राणास मुकले. सरहद्दीची किंमत कोण मोजतो, हे त्यांच्या अखेरच्या प्रवासातही दिसले. २०१७ पासून त्याच रेघेवर पाकिस्तानने तारेचे कुंपण घालण्यास आरंभ केला.

विद्यार्थी मित्रांनो, बादशहाखानांना जय मिळाला असे म्हणता येणार नाही. मग हे चरित्र वाचावे कशासाठी? एवढ्यासाठी की, ज्या मुलखात प्रत्येक जण बंदूक मोजत होता, तेथे हा माणूस शाळा मोजत होता. शाळा बंद पडली की तो दुसरी उघडी. उद्या वर्गात नकाशा उघडाल, तेव्हा सीमेच्या रेघेच्या दोन्ही बाजूंस कोणाची तरी घरे आहेत, एवढे मनात ठेवा. आणि पालकहो, मुलामुलींची शाळा मध्येच सुटू देऊ नका. या खिदमतगाराचे राहिलेले काम तेवढ्याने तरी पुढे जाईल.