पाचगणीत घडलेला रॉकगायक

सातारा जिल्ह्यातील पाचगणी म्हटले की टेबललँड, स्ट्रॉबेरीचे मळे आणि ब्रिटिश अमदानीतील निवासी शाळा डोळ्यांसमोर येतात. त्यांपैकी सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात एका पारशी मुलाने बालपण काढले आणि पुढे तो ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. कीर्तीच्या शिखरावर असताना मात्र या बालपणाविषयी तो क्वचितच बोलला.

फारोख बलसारा हे त्याचे मूळ नाव. ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे गुजरातमधील वलसाडचे. आडनावही त्यावरूनच आलेले. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आई-वडिलांनी वयाच्या आठव्या वर्षी त्याला बोटीने मुंबईस व तेथून पाचगणीस धाडले. घर समुद्रापलीकडे राहिले. सुटीत मुंबईतील नातलगांचा आधार असे. जबड्यात चार जादा दात असल्याने पुढचे दात बाहेर आले होते आणि त्यावरून मुले त्याला चिडवीत. पण पियानो त्याला वश होता. शाळेतील चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. अमेरिकेत लिटल रिचर्डसारख्या गायकांनी लोकप्रिय केलेले रॉक अँड रोल ही मुले हौसेने वाजवीत. फ्रेडी हे नावही त्याला पाचगणीतच मिळाले.

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती होऊन रक्तपात झाला. बलसारा कुटुंबाने सर्वस्व मागे ठेवून लंडनजवळच्या फेल्थममध्ये आश्रय घेतला. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले. हीथ्रो विमानतळावर सामान वाहिले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली, पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. बँडचे नाव त्याचे, बोधचिन्हही त्यानेच रेखाटलेले. याच सुमारास त्याने बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव धारण केले. त्याने आपले मूळ लपवले, असा आक्षेप घेतला जातो. परंतु १९६८ मधील इनॉक पॉवेल यांच्या भाषणानंतर ब्रिटनमध्ये स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

१९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यात त्याने ऑपेरा आणि रॉक यांची सांगड घातली. जवळपास सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर चालणार नाही, असा रेकॉर्ड कंपनीचा होरा होता; प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्ली स्टेडियमवर झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात सुमारे ७२ हजार श्रोत्यांना त्याने अवघ्या एकवीस मिनिटांत आपलेसे केले. १९८८ मध्ये स्पॅनिश ऑपेरागायिका मोन्सेरात काबाये हिच्यासह त्याने ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला.

१९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते आणि रुग्णाच्या वाट्याला वेदनेइतकीच बदनामी येई. मोजक्या निकटवर्तीयांखेरीज कोणालाही न सांगता तो शक्य तितके दिवस ध्वनिमुद्रण करीत राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याने हे आधी सांगितले असते तर जनजागृतीला बळ मिळाले असते, अशी टीका झाली. त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी वेम्ब्लीवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला आणि त्याच्या नावाने एड्सविरोधी कामासाठी न्यास स्थापला.

नाव, गाव आणि वेश बदललेल्या या गायकाचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी झरतुष्ट्री विधीने केले. शेवटचा निरोप त्याला बलसारांच्या घरचा मुलगा म्हणूनच मिळाला.