चेंडूफळीचे उस्ताद बाळू पालवणकर

रिद्धपूर, मोर्शी या बाजूच्या कोणत्याही खेड्यात संध्याकाळच्या वेळी गेले असता गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मुले क्रिकेट खेळताना दिसतात. कोणते मूल कोणत्या वस्तीतले हे चेंडूस ठाऊक नसते. परंतु खेळ आटोपून मुलांस तहान लागली म्हणजे पाणी कोणाच्या घरी आणि कोणत्या भांड्यात मिळते, हे पाहिले की त्या गावाची खरी स्थिती कळते. आज आम्ही आमच्या वाचकांस ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, त्याच्या सर्व आयुष्यात हाच प्रश्न उभा होता. आपल्या विद्येने त्याने मैदान जिंकले. मैदानाबाहेरचा चहाचा पेला मात्र त्यास पुष्कळ वर्षे निराळाच मिळाला.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. हे घराणे मूळचे कोकणातील असून जातीने चर्मकार होते. वडील पलटणीत चाकरीस होते. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेली बॅट व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ पुण्यास खेळावयास शिकले. शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयातच पोटाकरिता काम धरावे लागले.

पहिले काम पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मिळाले. खेळपट्टी झाडावी, तिजवर रूळ फिरवावा आणि महिन्यास ३ रुपये घ्यावे, असे ते काम होते. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियन लोकांच्या पूना जिमखान्यात ४ रुपयांची चाकरी मिळाली. तेथे जाळी बांधणे, टेनिसच्या जागेवर चुन्याच्या रेघा आखणे, अशी कामे करता करता एका साहेबाच्या प्रोत्साहनाने ते सभासदांस सरावाकरिता चेंडू टाकू लागले. डाव्या हाताने, मंद गतीने, परंतु नेमक्या जागी टाकलेला आणि नाना प्रकारे वळणारा त्यांचा चेंडू भल्याभल्यांस उमगत नसे. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. त्यांस प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ते बाळूंस आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रेगसाहेबांचा हात तयार झाला, त्यात या चाकराच्या गोलंदाजीचा वाटा होता. म्हणजे शिकविणारा रूळ ओढीत होता आणि शिकणारा साहेब होता. परंतु त्या जिमखान्यात बाळूंच्या हाती बॅट म्हणून कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा श्रेष्ठांचा मान आणि गोलंदाजी हे पगारी माणसाचे काम, अशी समजूत होती. खुद्द इंग्लंडातही हौशी सद्गृहस्थ आणि वेतन घेऊन खेळणारे असा भेद १९६२ सालापर्यंत पाळला जात असे. आमच्या देशात त्या भेदावर जातीच्या भेदाचे आणखी ओझे होते.

बाळूंची कीर्ती पुण्यात पसरली, तेव्हा त्यांस हिंदूंच्या संघात घ्यावे किंवा नाही याविषयी मोठा वाद झाला. शेवटी जिंकण्याच्या इच्छेने घेतले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्याच चेंडूस हात लावीत, बाळूंनी गडी बाद केला म्हणजे आनंद मानीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे ताट वेगळ्या जागी मांडले जाई. त्यांनी हे सोसले, आणि पुढच्या षटकात पूर्वीच्याच नेमाने चेंडू टाकला.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर ते मुंबईस गेले. तेथे रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात हिंदू व युरोपियन यांचा प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. हिंदू १०९ धावांनी जिंकले, आणि दोन्ही डाव मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले. त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. एव्हांना हे दोघे इतर खेळाडूंबरोबर एका पंक्तीस जेवू लागले होते, आणि त्या वेळच्या सुधारकांनी या गोष्टीस विजयाइतकेच महत्त्व दिले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. संघाने २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले व २ अनिर्णित राहिले. अशा दुबळ्या संघात पस्तिशीस आलेल्या बाळूंनी खांदा दुखत असताही एकंदर ११४ गडी बाद केले. परत आल्यावर अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी मुंबईस त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते, असे सांगतात.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांस संघातून वगळण्यात आले आणि विठ्ठल या गुणी भावास डावलून कर्णधारपद दुसऱ्यास दिले गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी, हा अवमान जातीमुळे आहे असे जाहीर करून खेळण्याचे नाकारले. लोकमत त्यांच्या बाजूस झुकले. शेवटच्या सामन्यास बाळू उपकर्णधार झाले, भाऊ परतले, आणि कर्णधार पै हे काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा काळ संघ बाळूंच्या आज्ञेत खेळला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांस हरविले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही थोरल्या भावाची वाट धरून मोठे झाले. बाळूंस जे मिळाले नाही, ते त्यांनी तयार केलेल्या वाटेने धाकट्यास मिळाले.

पुढे बाळू सार्वजनिक कामात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉक्टर आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉक्टरसाहेबांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते मिळाली. एकाने पूर्वीचा धर्म सोडण्याचा निश्चय प्रसिद्ध केला होता; दुसरा हिंदू समाजात राहूनच सुधारणा इच्छीत होता. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी तिसरीच वाट धरली. तथापि तिन्ही वाटा एकाच दुःखातून निघाल्या, म्हणून बाळूंचा मार्ग निराळा होता एवढ्यावरून त्यांस कमी लेखणे आम्हांस योग्य वाटत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी १ जूनपासून अंमलात आला होता. मातीच्या भांड्यापासून कायद्यापर्यंतचा सर्व प्रवास त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

रिद्धपुरास सातशे वर्षांपूर्वी गोविंदप्रभू होऊन गेले. ते अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जात व त्यांच्या हातचे खात, अशा आठवणी महानुभावांनी जपून ठेविल्या आहेत. म्हणजे ही गोष्ट वऱ्हाडच्या मातीस नवीन नव्हे. ती पुनःपुन्हा विसरली जाते, एवढेच. उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे की त्यांनी हे चरित्र मुलांस सांगावे, आणि ११४ गड्यांबरोबर त्या मातीच्या भांड्याचीही गोष्ट सांगावी. तसेच आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात कोण कोठे बसतो, आणि सोयरिकीच्या वेळी जुनी जात कोण विचारतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे. गुणाची वाहवा करणे सोपे आहे. गुणवंतास आपल्या पंक्तीस बसविणे, ही खरी कसोटी होय.