फ्रिडा काहलोच्या उजव्या बुटाची टाच उंच का होती?

मंडळी, जोडलेल्या भुवया, केसांत फुलं आणि पायघोळ घागरा असलेला फ्रिडा काहलोचा चेहरा तुम्ही टी-शर्टवर, कपावर, मोबाईल कव्हरवर नक्की पाहिला असेल. पण त्या घागऱ्याखाली तिने आयुष्यभर काय लपवलं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ चा, मेक्सिको सिटीजवळच्या कोयोआकानमधला. सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि ती कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहिली. पोलिओचा विषाणू स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशींवर घाव घालतो. स्नायू दुबळे झाले की वाढत्या वयात हाडालाही हवा तेवढा ताण मिळत नाही आणि त्याची वाढ मंदावते. फ्रिडाचा उजवा पाय असाच बारीक आणि आखूड राहिला. शाळेतली मुलं चिडवायची. मग ती त्या पायात तीन-चार मोजे चढवायची आणि उंच टाचेचा बूट घालायची. वडील गिएर्मो फोटोग्राफर होते. त्यांनी तिला घरात बसू दिलं नाही. पोहणं, फुटबॉल, अगदी कुस्तीसुद्धा करायला लावली.

आता प्रश्न पडेल, पाय आखूड असला तर कंबरेचा काय संबंध?

कंबरेचं हाड म्हणजे पाठीच्या कण्याचा पाया. एक पाय आखूड असला की हा पाया त्या बाजूला खाली झुकतो. पण डोकं तर सरळ राहायला हवं! त्यासाठी कणा कंबरेपाशी उलट बाजूला वाकतो. मग लांब पायाच्या बाजूचे कंबरेचे स्नायू आखडतात आणि आखूड पायाच्या बाजूचे ताणलेले राहतात. चालताना तोल सांभाळणाऱ्या, खुब्याच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूंवरही दोन्हीकडे सारखा भार पडत नाही. हे प्रत्येक पावलाला घडतं. स्नायू थकतात आणि कंबर दुखायला लागते. उंच टाच नेमकी इथे मदत करते. ती पायाच नीट आडव्या रेषेत आणते.

डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या फ्रिडाच्या आयुष्यात १७ सप्टेंबर १९२५ ला दुसरा घाव बसला. ती बसमध्ये असताना ट्रामने धडक दिली. लोखंडी कठडा कंबरेतून आरपार गेला. कणा मोडला, कंबरेची हाडं मोडली, आणि आधीच दुबळा असलेला उजवा पाय अनेक ठिकाणी मोडला. तेव्हा ती फक्त १८ वर्षांची होती. अंथरुणात पडल्या पडल्या तिने चित्रं काढायला सुरुवात केली.

पुढच्या वेदनांचं मोठं कारण हा अपघातच होता. पण मोडून सांधलेल्या कण्याला उभं राहायला सपाट पायासुद्धा नव्हता, हेही विसरून चालणार नाही. प्लास्टरचे, चामड्याचे, पोलादाचे पट्टे तिच्या अंगाला बांधले गेले. १९४४ मधल्या ‘तुटलेला खांब’ या चित्रात तिने कण्याच्या जागी तडकलेला खांब आणि अंगभर टोचलेले खिळे रंगवले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला कण्याचं ऑपरेशन झालं. १९५० चं बहुतेक वर्ष हॉस्पिटलमध्ये गेलं. १९५३ मध्ये गँगरीनमुळे उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १३ जुलै १९५४ ला, ४७ व्या वर्षी, ती गेली.

तिच्या निळ्या घरातली एक न्हाणीघराची खोली त्यानंतर सुमारे पन्नास वर्षं बंद होती. २००४ मध्ये ती उघडली, तेव्हा पट्टे, कुबड्या आणि लाल बूट घातलेला कृत्रिम पाय सापडला. तिच्या वस्तूंमध्ये उजवी टाच वाढवलेले बूटही होते.

मंडळी, दोन पायांच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक आपल्यापैकी अनेकांमध्ये असतो आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण एकाच बाजूची कंबर सारखी दुखत असेल, चपलेची एकच टाच झिजत असेल किंवा पँटचा एक पाय नेहमी जमिनीला लागत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडून पाय मोजून घ्या. फरक आढळला तर बुटात किती जाडीची टाच घालायची, हे त्यांनाच ठरवू द्या. मनाने घातलेली टाच कंबरेचं दुखणं वाढवूही शकते.