राज्यांच्या वाट्याचे सूत्रकार : धनंजयराव गाडगीळ

केंद्राकडून राज्याला किती निधी मिळाला, याची चर्चा आपल्याकडे दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास रंगते. या चर्चेत अनेक दशके 'गाडगीळ सूत्र' हे दोन शब्द हमखास येत असत. त्यातले गाडगीळ कोण, हे मात्र फार थोड्यांना सांगता येई. कित्येकांचा समज ते काकासाहेब गाडगीळ असावेत असा होता. काकासाहेब स्वातंत्र्यलढ्यातले, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले. सूत्र मांडणारे धनंजय रामचंद्र गाडगीळ हे पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ. पक्षीय राजकारणापासून ते आयुष्यभर दूर राहिले, आणि तरीही देशातील सर्वांत अवघड राजकीय वाटपाचा नियम लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच आले.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. बालपण नागपुरात गेले. पुढे ते केंब्रिजला गेले आणि तिथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक वाटचालीवरील प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. तो ग्रंथ पुढे कितीतरी वर्षे विद्यापीठांतून पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला. सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्य म्हणून काम केल्यावर १९३० मध्ये ते पुण्यात आले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली होती. तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळांनी साडेतीन दशकांहून अधिक काळ काम पाहिले. पुणे शहराची घरोघर जाऊन केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी ही या काळातली संस्थेची गाजलेली कामगिरी. आकडे स्वतः गोळा करावेत, तपासावेत आणि मगच मत बनवावे, ही शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांना लावली.

पण धनंजयराव केवळ ग्रंथालयात रमणारे विद्वान नव्हते. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना जमवून साखर कारखाना काढण्याच्या खटपटीत होते. या खटाटोपाला वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले आणि अध्यक्षपदाची जबाबदारी गाडगीळांनी स्वीकारली. १९५०च्या अखेरीस प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. याच सुमारास रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या समितीत गाडगीळ होते. १९५४ मध्ये आलेल्या अहवालातून कळले, की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे; बाकीचा बहुतेक भार सावकारच वाहतो. उपाय म्हणून समितीने सरकारने सहकारी संस्थांच्या भागभांडवलात भागीदार व्हावे, अशी शिफारस केली. सावकारापुढे दुबळ्या सोसायट्या टिकायच्या तर सरकारचा आधार हवा, हा त्यामागचा विचार होता आणि तो तेव्हाच्या परिस्थितीत योग्यच होता.

या शिफारशीची दुसरी बाजू नंतर दिसली. महाराष्ट्रात १९६० पासून पुढे साडेतीन दशके, १९७८ ते १९८०चा अपवाद सोडता, एकाच पक्षाची सत्ता राहिली. कारखान्याचे भागभांडवल सरकारचे, कर्जाची हमी सरकारची, संचालक मंडळ सत्ताधारी पक्षाचे आणि त्याच मंडळातून पुढचा आमदार, अशी साखळी तयार झाली. हमी मागणारा आणि देणारा एकाच घरातला असल्यावर कारखाना चालेल की बुडेल याची कठोर तपासणी करायची कोणी? आजारी कारखान्यांच्या थकलेल्या हमीचा बोजा अखेर राज्याच्या तिजोरीवर आला. याचा दोष गाडगीळांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र सरकारी पैसा कोणत्या नियमाने द्यायचा, हे जिथे लिहून ठेवले जात नाही तिथे पक्षच नियम होऊन बसतो, एवढे यातून दिसते. दिल्लीत गाडगीळांना नेमक्या याच प्रश्नाला सामोरे जावे लागले.

संघराज्याचा विचार त्यांच्या मनात जुना होता. घटना तयार होण्यापूर्वी आणि होत असताना, १९४५, १९४७ आणि १९४८ मध्ये त्यांनी या विषयावर तीन पुस्तके लिहिली. त्यातले शेवटचे घटनेच्या मसुद्यावरच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीच्या वैचारिक मांडणीतही त्यांचा सहभाग होता. राज्यांना खर्चाची कामे मोठी आणि उत्पन्नाची साधने तोकडी, ही आपल्या व्यवस्थेतील मूळ अडचण आहे. शाळा, दवाखाने, पाटबंधारे, पोलीस हे सारे राज्यांनी पाहायचे. प्राप्तिकर आणि सीमाशुल्क मात्र केंद्राकडे. यावर तोड म्हणून घटनेच्या २८०व्या कलमाने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची सोय केली. परंतु १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने नियोजन आयोग जन्माला आला. घटनेत त्याचा उल्लेख नव्हता आणि पंतप्रधान त्याचे अध्यक्ष होते. योजनेसाठी राज्यांना मिळणारे साहाय्य या आयोगाच्या सल्ल्याने, २८२व्या कलमाचा आधार घेऊन दिले जाऊ लागले. हे कलम केंद्राला कोणत्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देण्याची मुभा देते. किती आणि कोणाला, याबद्दल ते मौन पाळते.

पहिल्या तीन योजनांमध्ये हे साहाय्य योजनागणिक ठरत असे. अमुक योजनेला इतके टक्के अनुदान, तमुक योजनेला इतके कर्ज. राज्यांचे सचिव फायली घेऊन दिल्लीला जात आणि मुख्यमंत्री पंतप्रधानांना भेटत. केंद्रात आणि जवळजवळ सर्व राज्यांत काँग्रेसच असल्यामुळे भांडणे घरातल्या घरात मिटत. ज्या मुख्यमंत्र्याचे पक्षात वजन, त्याच्या राज्याची गाऱ्हाणी लवकर ऐकली जात. ज्याचे वजन नाही त्याला पक्षशिस्त आठवून गप्प बसावे लागे. वाटप न्याय्य होते की अन्याय्य, हे बाहेरच्या माणसाला तपासताच येत नव्हते. एकपक्षीय सत्तेचा हा धोका गैरव्यवहाराहून वेगळा आणि अधिक खोल म्हणायला हवा, कारण त्यात कोणी कायदा मोडत नाही आणि म्हणून कोणी जाबही विचारत नाही.

१९६७च्या निवडणुकीने ही घडी विस्कटली. आठ राज्यांत काँग्रेसला बहुमत मिळाले नाही; लोकसभेतही तिचे संख्याबळ २८३ वर आले. मद्रासमध्ये अण्णादुराई, केरळमध्ये नंबुद्रिपाद, पश्चिम बंगालमध्ये अजय मुखर्जी मुख्यमंत्री झाले. या मंडळींना पक्षशिस्तीचा धाक नव्हता. केंद्राचा पैसा आम्हाला कोणत्या निकषाने मिळणार, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. दोन दुष्काळ, युद्धाचा खर्च आणि रुपयाचे अवमूल्यन यांमुळे चौथी योजना तर लांबणीवरच पडली होती. अशा वेळी नियोजन आयोगाची फेररचना झाली आणि १ सप्टेंबर १९६७ रोजी इंदिरा गांधींच्या अध्यक्षतेखालील आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून गाडगीळांनी सूत्रे हाती घेतली. त्याआधी काही काळ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते.

पुढच्या दीड-दोन वर्षांत राष्ट्रीय विकास परिषदेत मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन जे सूत्र ठरले, त्याची मांडणी अगदी साधी होती. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या तीन राज्यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या रकमेतील ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची. १० टक्के ज्यांचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे अशा राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्यातील प्रयत्न पाहून, १० टक्के पाटबंधारे व विजेच्या चालू मोठ्या प्रकल्पांसाठी आणि शेवटचे १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. सर्वसाधारण राज्यांना मिळणाऱ्या साहाय्यात ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे एकच प्रमाण राहील, योजनागणिक घासाघीस होणार नाही. चौथ्या योजनेत राज्यांना द्यायच्या सुमारे ३,५०० कोटी रुपयांचे वाटप १९६९ पासून या नियमाने सुरू झाले.

लोकसंख्येला एवढे वजन का, असा आक्षेप तेव्हाही होता. बिहार, ओरिसासारख्या गरीब राज्यांना उत्पन्नाच्या निकषातून मिळणारे १० टक्के अपुरे वाटत आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पण जनगणनेचा आकडा कोणत्याही मुख्यमंत्र्याला वा मंत्र्याला वाकवता येत नाही. मद्रासचे सरकार द्रमुकचे आहे की काँग्रेसचे, याने तो आकडा बदलत नाही. गाडगीळांनी पूर्ण समतेपेक्षा तपासता येणारा नियम अधिक मोलाचा मानला, असे म्हणावे लागेल. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सरासरीच्या वर असल्याने गरीब राज्यांसाठीच्या हिश्श्यातून आपल्या राज्याला काही मिळणार नव्हते, हीदेखील गोष्ट नोंदवायला हवी.

सूत्राच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. ७० टक्के कर्जाच्या अटीमुळे राज्ये केंद्राची कायमची देणेकरी झाली. जुने कर्ज फेडायला नवे साहाय्य, असे चक्र फिरू लागले. ही कर्जे मध्यस्थ म्हणून देण्याची केंद्राची पद्धत बंद व्हायला बाराव्या वित्त आयोगाची शिफारस आणि २००५ साल उजाडावे लागले. दुसरी पळवाट केंद्रपुरस्कृत योजनांची. त्या सूत्राबाहेर होत्या. त्यांचा आकार मध्यवर्ती साहाय्याच्या एक षष्ठांशाच्या आसपास रोखावा असे परिषदेत ठरले होते. प्रत्यक्षात पुढील दशकांत त्या कितीतरी फुगल्या. नियमाने बांधलेला पैसा कमी आणि मर्जीचा पैसा जास्त, असे चित्र पुन्हा तयार झाले.

गाडगीळांना हे सारे पाहायला मिळाले नाही. १९६९च्या जुलैत बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, वर्षअखेरीस काँग्रेस फुटली आणि १९७१च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाने लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या. केंद्रात पुन्हा एका पक्षाचे निर्विवाद राज्य आले. वेगळे मत स्पष्टपणे मांडणाऱ्या बिगरराजकीय उपाध्यक्षाची गरज आता उरली नव्हती. त्यांच्या जागी सत्ताधारी पक्षातील सी. सुब्रह्मण्यम हे मंत्री आले. पद सोडून पुण्याकडे परतत असताना प्रवासातच, ३ मे १९७१ रोजी, धनंजयरावांचे निधन झाले. वयाची सत्तरी त्यांनी नुकतीच पूर्ण केली होती.

सूत्र मात्र त्यांच्यामागे चार दशकांहून अधिक काळ टिकले. १९८० मध्ये त्यातील चालू प्रकल्पांचा निकष वगळून उत्पन्नाचे वजन २० टक्क्यांवर नेण्यात आले. १९९१ मध्ये प्रणव मुखर्जी उपाध्यक्ष असताना त्यात पुन्हा फेरफार होऊन ते गाडगीळ-मुखर्जी सूत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१५च्या आरंभी नियोजन आयोगाची जागा निती आयोगाने घेतली. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करांतील वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि सूत्रानुसार मिळणारे साहाय्य थांबले. वाटणीत न येणारे उपकर व अधिभार, तसेच केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी यांवरून राज्यांची केंद्राकडे तक्रार त्यानंतरही सुरूच राहिली.