विश्लेषण : युद्धाचे नियम आणि राजमाता जिजाऊ... सिंदखेडच्या लेकीच्या आयुष्यात ते कुठे मोडले, कुठे पाळले गेले?

दरवर्षी १२ जानेवारीला बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे राज्यभरातून लोक येतात आणि लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकवतात. याच गावात लखुजीराजांची भव्य दगडी समाधी आहे. हा माणूस आयुष्यभर लढला, पण त्यांना मरण रणात आले नाही. नि:शस्त्र असताना, भर दरबारात त्यांना मारण्यात आले. युद्धाला कायदा का लागतो, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागू नये.

युद्धाचा कायदा म्हणजे काय?

लढाई करावी की नाही, हे हा कायदा सांगत नाही. लढाई सुरू झाल्यावर काय करायचे नाही, एवढेच तो सांगतो. शरण आलेल्याला मारायचे नाही, जखमींवर उपचार करायचे, बायका-मुले व शेतकऱ्यांवर हात टाकायचा नाही, बोलणीसाठी बोलावून दगा द्यायचा नाही. १८६४ मध्ये जिनिव्हात याचा पहिला करार झाला. आज लागू असलेले चार जिनिव्हा करार १९४९ चे आहेत. भारताने ते १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जिजाऊंचा काळ या सगळ्याच्या दोनशे-अडीचशे वर्षे आधीचा. पण नियम नव्हते असे नाही. हरलेला माणूस दाती तृण धरून यायचा, मग त्याला मारायचे नाही, हा रिवाज होता. मराठीत तो वाक्प्रचार म्हणून उरला आहे.

माहेर आणि सासर समोरासमोर...

जिजाऊंचा जन्म १५९८ चा मानला जातो. वडील लखुजीराजे निजामशाहीतले मातब्बर सरदार. वेरूळच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांशी जिजाऊंचा विवाह झाला आणि पुढे दोन्ही घराण्यांत वितुष्ट आले. निमित्त ठरला खंडागळे यांचा हत्ती. दरबार सुटताना तो पिसाळला, त्याला आवरताना जाधव आणि भोसले यांच्यात तलवारी निघाल्या. जिजाऊंचे बंधू दत्ताजी मारले गेले. ते कळताच लखुजीराजे माघारी फिरले आणि त्यांच्या हातून शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी पडले. एकाच दिवशी माहेरचे आणि सासरचे सुतक जिजाऊंच्या वाट्याला आले.

दौलताबादला काय घडले?

२५ जुलै १६२९. लखुजीराजे काही काळ मोगलांकडे जाऊन पुन्हा निजामशाहीत आले होते आणि निजामशहाच्या मनात संशय होता. मुजऱ्यासाठी ते दौलताबादच्या किल्ल्यात गेले. सोबत मुलगे अचलोजी व रघुजी आणि नातू यशवंतराव. तिथे दबा धरून बसलेल्यांनी चौघांनाही ठार केले.

आजच्या कायद्यात संरक्षणाचा विश्वास देऊन त्याच विश्वासाच्या आडून मारणे हा गंभीर गुन्हा आहे. गनिमी कावा चालतो, अंधारात छापा घालणे चालते, शत्रूला चुकीच्या वाटेला लावणे चालते. पांढरे निशाण दाखवून गोळी घालणे चालत नाही. काटेकोरपणे पाहिले तर दौलताबादची घटना शत्रूशी दगा नव्हती, कारण लखुजीराजे तेव्हा निजामशाहीचेच सरदार होते. तो सरळ खून होता. पण परिणाम लढाई हरल्यासारखाच झाला. शहाजीराजांनी निजामशाही सोडून मोगलांची वाट धरली. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. आजोबांची हत्या हा त्यांच्यासाठी घरातलाच इतिहास होता.

पुण्याने काय दाखवले?

आदिलशाही फौजेने पुणे जाळून बेचिराख केले आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला. त्याच सुमारास, १६३० ते १६३२, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. फौज येऊन गेल्यावर गावात काय उरते, हे जिजाऊंनी पुण्यात येऊन पाहिले. वस्ती पुन्हा उभी करणे, जमिनी लागवडीखाली आणणे, तंटे ऐकणे या कामांत त्यांची आणि बालशिवाजींची वर्षे गेली. जानेवारी १६४६ मध्ये रांझ्याच्या पाटलाने बाईशी बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. शिवरायांना तेव्हा १६ वे वर्षही पूर्ण नव्हते. आजचा कायदा अशी शिक्षा कोणालाही देऊ देणार नाही. पण अधिकाराच्या जोरावर केलेला अत्याचार माफ होणार नाही, हा संदेश मुलुखात पोहोचला.

दिलेला शब्द आणि अफजलखान

थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. त्याला अफजलखान कारणीभूत असल्याचे सांगितले जाते. याच खानाने १६३९ मध्ये शिरेच्या कस्तुरी रंगाला भेटीला बोलावून मारले होते. त्यामुळे १६५९ मध्ये तो प्रतापगडाकडे आला, तेव्हा भेटीची एकेक अट वकिलांमार्फत आधी ठरवली गेली. कोणी किती माणसे आणायची, कोण कुठे उभे राहायचे, सगळे. (तेव्हाचा वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, राजाच्या वतीने बोलणारा दूत. पण शब्द तोलून घेणे हे काम तेच.) मराठी बखरींनुसार पहिला वार खानाचा. त्यानंतरच्या लढाईत लढत राहिलेले मारले गेले आणि शरण आलेल्यांना सोडले, असे सभासद बखरीत नमूद आहे. खानाचे दफन प्रतापगडाच्या पायथ्याशी झाले. शत्रूच्या मृतांचे त्यांच्या धर्माप्रमाणे सन्मानाने दफन करावे, हे कलम जिनिव्हा करारात आहे.

१६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची मोगल फौज कोंडीत सापडली. त्याच्यासोबत माहूरची रायबागन होती, तिनेच शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी घेऊन सगळ्यांना वाट देण्यात आली. सहज कापून काढता आली असती अशी ती फौज होती.

शब्दाची कसोटी १६६६ मध्ये पुन्हा लागली. मिर्झाराजे जयसिंगांनी दिलेल्या अभयावर शिवराय आग्र्याला गेले आणि नजरकैदेत पडले. वडील दरबारात गेले ते परतले नव्हते, आता मुलगाही दरबारातच अडकला होता. मोरोपंत पिंगळ्यांसारख्या कारभाऱ्यांना हाताशी धरून ते महिने राज्य जिजाऊंनी सांभाळले.

नियम कागदावरच होते का?

मराठी फौजेची शिस्त हुकमातून येत होती. फौजेत बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत. परमुलुखात बायका-पोरांना धरायचे नाही. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी, परतल्यावर झडती. जास्त निघाले तर ते सरकारजमा. सभासदाने हे तपशीलवार दिले आहे. मोगलांचा इतिहासकार खाफीखान शिवरायांचा कट्टर विरोधक होता. स्त्रिया, मशिदी आणि कुराण यांना धक्का लावू नये, या त्यांच्या आज्ञेची नोंद त्यानेही केली आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट घराघरांत माहीत आहे, पण तिला समकालीन कागदांचा आधार नाही. तिची गरजही नाही, कारण वरचा विरोधकाचा पुरावा अधिक वजनदार आहे.

सर्वांत बोलके आहे ते चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेले पत्र. पावसाळ्यासाठी दाणा, वैरण साठवली आहे, ती आताच उधळली तर पुढे घोडी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, असे त्यात बजावले आहे. लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणा. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गंजी पेटतील, इथवर बारकावा. रयतेवर जुलूम होऊ नये यासाठी निव्वळ उपदेश पुरत नाही, सैन्याचे पोट आधी भरावे लागते, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. हे हुकूम शिवरायांचे. ते जिजाऊंनी लिहवून घेतले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र उजाड पुणे मायलेकरांनी एकत्रच पाहिले होते.

सगळेच आजच्या कसोटीला उतरते, असेही नाही. त्या काळी लूट हे युद्धाचे मान्य साधन होते. सुरतेत धनिकांकडून पैसा काढताना सक्ती झाली. १९०७ च्या हेग करारानंतर अशी लूट बेकायदा आहे.

आज हे काम कोण करते?

भारतीय लष्करात जज अॅडव्होकेट जनरल हा कायदा विभाग आहे. लक्ष्य लष्करी आहे का, नागरिकांची हानी मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त होईल का, या प्रश्नांवर कायदा अधिकारी सल्ला देतो; निर्णय आणि जबाबदारी कमांडरची. लुटीसाठी घरात घुसणाऱ्या सैनिकाला १९५० च्या आर्मी अॅक्टनुसार कोर्ट मार्शलला सामोरे जावे लागते. मोहिमेवरून परतलेल्या स्वाराची झडती घेणारा कारकून त्याच जातीचे काम करत होता.

अखेरची वर्षे

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. गडावरचा वारा सोसत नसल्याने जिजाऊंसाठी पायथ्याला पाचाडमध्ये वाडा बांधला होता. राज्याभिषेकानंतर ११ दिवसांनी, १७ जून रोजी, तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी पाचाडला आहे.