भूल मोजून देणारा डॉक्टर

मोठी शस्त्रक्रिया ठरली की घरात खर्चाची चर्चा होते, सुट्टीची होते, डबा कोण पोहोचवणार याचीही होते. एक प्रश्न मात्र बहुतेक जण मनातच ठेवतात : भूल दिल्यावर पुन्हा जाग येईल ना? चऱ्होली-मोशीतल्या घरात आज येणारा हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही होता. त्याचे उत्तर मोजमापाने शोधणारे डॉक्टर म्हणजे जॉन स्नो.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका डॉक्टरकडे उमेदवारी करू लागले. १८३१-३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा कोळसा खाणीतल्या कामगारांवर उपचार करण्याचे काम या कोवळ्या मुलाकडे आले. पुढे ते लंडनला गेले आणि १८४४ मध्ये एमडी झाले. शाकाहारी, निर्व्यसनी आणि अबोल असा हा माणूस होता.

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. डिसेंबरात ती लंडनला पोहोचली. कधी ती चढायची, कधी चढायचीच नाही. स्नो यांनी कारण शोधले. हवा उबदार असली की ईथरची वाफ जास्त होते, थंड असली की कमी. म्हणून त्यांनी पाण्याच्या भांड्यात बसणारे उपकरण तयार केले. पाण्याचे तापमान ठरले की वाफेचे प्रमाणही ठरे. १८४७ च्या पुस्तकात त्यांनी भुलेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. रुग्णाचा श्वास, पापण्या, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा सैलपणा यांवरून तो कोणत्या पायरीवर आहे हे ओळखायचे. रुग्णावर सतत नजर ठेवण्याच्या शास्त्राची ही सुरुवात म्हणता येईल.

त्याच वर्षाच्या अखेरीस क्लोरोफॉर्म आले. ते वापरायला सोपे होते. रुमालावर थेंब टाकले की काम होई. पण जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना काही मिनिटांत दगावली. स्नो यांचे म्हणणे होते की रुमालावरून किती वाफ आत जाते यावर ताबाच राहत नाही, आणि दाट वाफ हृदयच थांबवू शकते. श्वासातल्या हवेत क्लोरोफॉर्मचे प्रमाण चार-पाच टक्क्यांपुढे जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी सुमारे चार हजार रुग्णांना क्लोरोफॉर्म दिले आणि रुग्णांच्या नोंदी वहीत लिहून ठेवल्या. एप्रिल १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले. त्यानंतर बाळंतपणातल्या भुलेला होणारा विरोध बराच ओसरला.

वायूंच्या या अभ्यासाचा एक फायदा अनपेक्षित होता. कॉलरा दुर्गंधीतून पसरतो, असे तेव्हा मानत. अंतर वाढले की वाफ विरळ होते, हे स्नो जाणून होते. शिवाय कॉलरा फुप्फुसात नव्हे, आतड्यात सुरू होतो. मग दोष पाण्याचा असणार! सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून सोहोतील ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढण्यात आला. इंद्रायणीकाठी वारीच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याची एवढी काळजी घेतात, त्यामागचे शास्त्र तेच.

जून १८५८ मध्ये क्लोरोफॉर्मवरचे पुस्तक लिहीत असतानाच त्यांना पक्षाघात झाला आणि १६ जूनला वयाच्या ४५ व्या वर्षी ते गेले.

वाद मात्र संपला नाही. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्म आयोग बसले. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी तिथल्याच. आयोगाचा निष्कर्ष असा की श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, नाडीची चिंता नको. पण १९११ मध्ये लेव्ही यांनी प्रयोगांतून दाखवले की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके बिघडून ते अचानक थांबू शकते. धोका हृदयालाही असतो, हे स्नो यांचे म्हणणे खरे ठरले.

म्हणूनच आज शस्त्रक्रियागृहातल्या पडद्यावर हृदयाचा आलेख, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड हे सारे एकत्र दिसते. शस्त्रक्रिया संपल्यावरही रुग्णाला लगेच वॉर्डात नेत नाहीत. भुलेचा अंमल उतरेपर्यंत श्वास मंदावू शकतो, रक्तदाब उतरू शकतो. त्यामुळे रिकव्हरी रूममध्ये ही नजर चालूच राहते. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांनी तो उशीर समजू नये.

आपलेही एक काम आहे. भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा दमा, रक्तदाब, मधुमेह, चालू गोळ्या, तंबाखू-दारूची सवय, हलणारा दात किंवा कवळी, आधीच्या भुलेचा त्रास, काहीही लपवू नका. उपाशी राहायला सांगितले असेल तर चोरून चहा-बिस्किटही नको. बेशुद्धीत पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. स्नो यांना सारे अंदाज रुग्णाकडे पाहून बांधावे लागत. आज यंत्रे मदतीला आहेत, पण रुग्णाने स्वतः सांगायची माहिती कोणतेही यंत्र देत नाही.