भास्कराचार्य आणि लहान-मोठे दिवस

मुलांनो, नाशिकरोडला गाडीत बसा आणि मनमाड, नांदगाव मागे टाकून चाळीसगावला उतरा. तिथून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख इथल्याच देवळात सापडला.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला.

आता गंमत बघा. पृथ्वी गोल आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ती स्थिर आहे आणि सूर्य फिरतो, असं ते धरत. तरी दिवस किती लांबणार याचं गणित जुळायचं! कसं? आपण पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला म्हणतो; त्यांनी तेवढाच कल, २४ अंश, सूर्याच्या वाटेला दिला. फिरणारा बदलला तरी कोन तोच ना! ध्रुवावर सहा महिने दिवस, हेही त्यातूनच निघतं.

साधन म्हणाल तर बारा अंगुळांचा शंकू. तुम्हीही १२ इंचांची काठी अंगणात उभी करा. सर्वांत आखूड सावली मोजा. नाशिकला २१ मार्चला ती साडेचार इंचांच्या आत भरेल, २२ डिसेंबरला सव्वाअकराच्या आसपास. तिरपे किरण आणि जेमतेम अकरा तासांचा दिवस, मग थंडी पडणारच. जूनमध्ये हाच दिवस सव्वातेरा तासांचा होतो.

६९व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. पुढे १२०७ मध्ये नातू चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. तो शिलालेख त्याचाच.